‘200 अँपिअर’ छापून नवशिक्याला विकलेल्या वेल्डिंग मशीनबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: सदोष मशीन परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत

महोदय,

मी देवगड तालुक्यातला आंबा बागायतदार. मोहोर येण्याआधी बागेचं फाटक आणि मांगराची (बागेतल्या खोपीची) खिडकी स्वतः करायची म्हणून पहिलंच वेल्डिंग मशीन घेतलं, ते तुमचं. ट्रान्सफॉर्मरचं मशीन बागेत उचलून नेणं कठीण, म्हणून हलकं, इन्व्हर्टर प्रकारचं मशीन निवडलं. जाहिरातीत लिहिलं होतं: 200 अँपिअर, घरच्या प्लगवर चालतं, नवशिक्यांसाठी उत्तम. 7,800 रुपये मोजले. पावती सोबत जोडली आहे.

पहिल्या दिवसापासून अडीच मिमीचा, 6013 प्रकारचा वेल्डिंग रॉड पाइपाला चिकटू लागला. टेकवला की एक ठिणगी, आणि गच्च. ओढून काढेपर्यंत रॉड लालबुंद व्हायचा, वरचं कवच गळून पडायचं. कधी चालला तर वेल्ड पाइपावर नुसता बसायचा, हातोडीच्या एका टोल्यात सुटून यायचा. मला वाटलं, आपला हात नवीन. आमची हवा दमट, म्हणून रॉड उन्हात वाळवले. ग्राइंडरने गंज काढला. अर्थचा चिमटा बदलला. दोन आठवडे रोज संध्याकाळी भंगाराच्या तुकड्यांवर सराव केला.

तुमच्या माणसाने फोनवर आधी सांगितलं, ‘व्होल्टेज कमी असेल’, आणि नंतर, ‘सरावाने जमेल’. व्होल्टेज आमच्याकडे संध्याकाळी 190 पर्यंत उतरतं, हे खरं आहे. म्हणूनच मशीन घेऊन जामसंड्याला ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्या काकांकडे गेलो. तिथे 230 मिळत होतं. माझाच रॉड, माझाच पाइप. त्यांच्या मशीनवर 80 अँपिअर लावून मी स्वतः चार इंच सरळ वेल्ड मारला. मग काकांनी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर तुमच्या मशीनच्या केबलला लावला. डिस्प्लेवर 80, मीटरवर 52. डिस्प्ले 200 वर नेला, तरी मीटर 118 च्या वर सरकला नाही. तीन मिनिटांत मशीन तापल्याचा पिवळा दिवा लागून मशीन बंद पडलं, ते दहा मिनिटांनी सुरू झालं. होल्डरची केबल ब्लेडने खरवडली, तर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरं ॲल्युमिनियम. खोक्यावर ‘शुद्ध तांबे’ छापलं आहे.

साधा गुणाकार करा. 200 अँपिअरला आर्क (रॉड आणि पाइपामधली विजेची ज्योत) साधारण 28 व्होल्टवर चालतो, म्हणजे 5.6 किलोवॅट. घरच्या 16 अँपिअरच्या प्लगमधून 230 व्होल्टला जेमतेम 3.7 किलोवॅट मिळतात. जाहिरातीतली ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, आणि हे तुमच्या इंजिनिअरला ठाऊक असणारच. दहा मिनिटांतली किती मिनिटं मशीन सलग चालेल, ती ड्यूटी सायकल तर खोक्यावर, प्लेटवर, कुठेच नाही. मला 200 नकोच होते. अडीचच्या रॉडला 70 ते 90 पुरतात. खरे 120 अँपिअर आणि 60 टक्के ड्यूटी सायकल असं लिहिलेलं मशीन मी आनंदाने घेतलं असतं.

पैशांपेक्षा जास्त राग याचा आहे: जुना कारागीर पहिल्याच रॉडला मशीनचा दोष ओळखतो. नवशिका स्वतःला दोष देत बसतो, आणि तुमची परत घेण्याची दहा दिवसांची मुदत त्यातच निघून जाते. ‘मुदत संपली’ हे उत्तर म्हणूनच मला मान्य नाही.

पूर्ण रक्कम परत करा, मशीन तुमच्या खर्चाने न्या, आणि जाहिरातीत खरे अँपिअर, ड्यूटी सायकल आणि केबलचा धातू लिहा. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार करीन. मीटर आणि डिस्प्ले एकत्र दिसतील असे फोटो जोडले आहेत. मशीन खोक्यात भरून ठेवलं आहे. केबल खरवडलेली आहे, ती तशीच परत येईल.

कळावे,
आपला ग्राहक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग