वाक्प्रचारांच्या जन्मकथा तपासून शिकवाव्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी नववीतली नात गेल्या आठवड्यात शिकवणीच्या वर्गातून एक छापील पत्रक घेऊन आली. त्यावर चाळीस इंग्रजी वाक्प्रचार, त्यांचे अर्थ आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येकाची 'जन्मकथा' दिली होती. नाशिकच्याच एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी तीस वर्षे इंग्रजी शिकवले असल्याने ते पत्रक उत्सुकतेने वाचायला घेतले आणि शेवटच्या रकान्याशी पोहोचले तेव्हा अस्वस्थ झाले. अर्थ बहुतेक बरोबर होते, पण जन्मकथांपैकी कितीतरी कुणीतरी रचलेल्या होत्या आणि त्या पाठ करून परीक्षेत लिहायच्या, अशी सूचना खाली होती.

'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' याच्यासमोर छापले होते की, पूर्वी इंग्लंडमध्ये गवताने शाकारलेल्या छपरांवर कुत्री-मांजरे झोपत आणि जोराचा पाऊस आला की घसरून खाली पडत. ही गोष्ट १९९९ च्या सुमारास ईमेलवरून जगभर फिरलेल्या एका मजकुराने घरोघरी पोहोचवली; तिला पुरावा नाही. जोनाथन स्विफ्ट या लेखकाने १७३८ मध्ये छापलेल्या संवादांत हा वाक्प्रचार आजच्याच रूपात आढळतो, म्हणजे तो चांगलाच जुना आहे, पण पावसाला कुत्री-मांजरेच का चिकटली याचा उलगडा कोशकारांनाही झालेला नाही. शिवाय इंग्रजी घरीदारी बोलणाऱ्यांच्या तोंडी तो आता क्वचितच येतो, तरी आपल्याकडे 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध त्याच्यावाचून पुरा होत नाही.

बोलण्याची पद्धत एखाद्या जागेतून कशी उगवते, हे नाशिकच्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. गोदावरीवरच्या गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की आपण क्युसेकचा आकडा नंतर विचारतो, आधी नदीपात्रातल्या मूर्तीबद्दल विचारतो, "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं?" गुडघ्याला, कमरेला, छातीला, एवढ्या उत्तरावर रामकुंडाजवळचे दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवतात, आणि काठावरच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेला पाणी लागले म्हटले की तो महापूर, हे म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना कळते. इथे मूर्ती, नदी आणि शब्द तिन्ही डोळ्यांसमोर आहेत. ज्या मुलाला हे ठाऊक आहे, त्याच्या हाती खोटी गोष्ट देणे मला अन्यायाचे वाटते.

'बाइट द बुलेट' म्हणजे टाळता न येणारे दुःख मन घट्ट करून सोसणे. पत्रकाने त्याचा संबंध १८५७ च्या काडतुसांशी जोडला आहे. त्या काडतुसाचे कागदी टोक दातांनी तोडावे लागे, गोळी नव्हे, आणि सोसण्याचा हा अर्थही त्यातून निघत नाही. फटके खाताना तोंडातून आवाज फुटू नये म्हणून इंग्रज सैनिक गोळी चावत, अशी नोंद अठराव्या शतकाच्या अखेरच्या एका बोलभाषेच्या कोशात आहे. खरी माहिती बनावट कथेपेक्षा काही कमी परिणामकारक नाही.

याहून मोठे नुकसान अर्थाच्या बाबतीत होते. आपला 'सिंहाचा वाटा' हा 'लायन्स शेअर'चाच मराठी अवतार, आणि दोन्हींच्या मागे इसापनीतीतील तो सिंह, जो शिकारीचे वाटे पाडून सगळे स्वतःच घेतो. इंग्रजीत या शब्दांचा अर्थ पुढे 'सगळ्यात मोठा हिस्सा' असा झाला. मराठीत मात्र आपण तो गौरवासाठी वापरतो: अमक्या कार्यात त्यांचा सिंहाचा वाटा आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने आजोबांवरच्या निबंधात लिहिले होते, 'माय ग्रँडफादर टूक द लायन्स शेअर ऑफ द स्कूल फंड.' शाळेच्या निधीसाठी आजोबा दारोदार फिरले, हे त्याला सांगायचे होते. वाचणाऱ्याला कळले की निधीतला मोठा हिस्सा आजोबांनी घेतला. त्याच्या वहीवर लाल रेघ ओढताना माझा हात थांबला होता, कारण शब्दाला शब्द जोडायला त्याला आम्हीच शिकवले होते. 'लायन्स शेअर'पुढे अर्थाबरोबर वापराची दोन वाक्ये आणि मराठीतला हा फरक दिला असता, तर ते वाक्य घडले नसते.

सगळ्याच कथा टाकून द्याव्यात, असे माझे म्हणणे नाही. १८०१ च्या कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा इशारा मिळाल्यावर इंग्रज नौसेनानी नेल्सनने अंध डोळ्याला दुर्बीण लावली आणि मला काही दिसत नाही असे म्हटले, ही हकिकत 'टर्न अ ब्लाइंड आय', म्हणजे काणाडोळा करणे, शिकवताना जरूर सांगावी. मात्र नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाशी जोडलेला 'ध चा मा' सांगताना आपण जसे 'अशी आख्यायिका आहे' हे शब्द आवर्जून लावतो, तसे इंग्रजी वाक्प्रचारांच्या कथांनाही लावावेत.

शिकवणी वर्गांचे चालक आणि आपल्या विद्यार्थी पुरवणीचे संपादक यांना माझी विनंती आहे की, वाक्प्रचाराचा उगम छापताना तो पुराव्याचा आहे, आख्यायिका आहे की अज्ञात आहे, हे प्रत्येकासमोर लिहावे आणि उगमापेक्षा वापराच्या वाक्यांना अधिक जागा द्यावी. नातीच्या पत्रकावरची छपरावरच्या कुत्र्या-मांजरांची गोष्ट मी पेन्सिलीने खोडून तिथे 'उगम अज्ञात' असे लिहून दिले आहे. चाचणीत तिने तेच लिहिले, तर तिचे गुण कापले जाऊ नयेत.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
पंचवटी, नाशिक