ताई, ते स्तोत्र तुम्ही मला म्हणून दाखवलंत त्याबद्दल

ताई, नुसतं थँक्यू म्हणून भागणार नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

लहानपणापासून बायबलची वचनं पाठ करायला लावणारे मला खूप भेटले. कुणी तक्त्यावर स्टार चिकटवायचं, कुणी संदर्भ चुकला की वर्गासमोर खाली बसवायचं. एकांनी तर इफिस 2:8 अडखळलं म्हणून मला रडवलं होतं, आणि ते वचन कृपेचं! राग अजून गेलेला नाही, खरं सांगते. पवित्र शास्त्राची भीती बसवायचा हक्क कुणी दिला यांना?

तुम्ही स्तोत्र 121 घेतलंत, आठच वचनं. दुसऱ्यानंतर माझी गाडी अडली तर तुम्ही पुढचा शब्द सुचवला नाहीत, बायबल मिटलंत, खुर्ची माझ्याकडे वळवलीत आणि तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत सगळं माझ्याकडे बघत, मलाच सांगितल्यासारखं म्हटलंत. मग म्हणालात, बघ, आधी माणूस स्वतःच विचारतो की मदत कुठून येईल, स्वतःच उत्तर देतो, आणि तिसऱ्या वचनापासून कुणीतरी त्याला धीर देतंय, म्हणजे हे स्तोत्र दोघांनी मिळून म्हणायचं. बस, तेवढंच. पण त्या दिवसापासून ते मला पाठ करावंच लागलं नाही, ते राहिलंच.

आणि आई आयसीयूत होती त्या रात्री मोबाईल बाहेर ठेवायला लावला, बायबल घरी, डोकं पार बधिर, तेव्हा हेच तोंडात आलं. आईने पुटपुटत पहिली दोन म्हटली, पुढची मी तिला म्हटली, आपला रक्षक झोपत नाही, डुलकीही घेत नाही, इथे आलो आणि तिने माझा हात घट्ट धरला. प्रभू येशूने अरण्यात सैतानाला तिन्ही वेळा बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली वचनंच ऐकवली, हे मी कितीदा ऐकलंय, पण वचन आत असणं म्हणजे काय ते मला त्या रात्री कळलं.

स्टेजवरून बोलणारे पुष्कळ असतात हो, एका माणसासाठी खुर्ची वळवून बसणारे फार थोडे. अशी माणसं कुठल्या रिपोर्टमध्ये येत नाहीत पण मंडळी, म्हणजे चर्च, त्यांच्यावरच उभी असते असं मला मनापासून वाटतं.

आई आता घरी आलीय. तिला रोमकरांस पत्राचा 8वा अध्याय पाठ करायचाय, पूर्ण 39 वचनं, आणि ती म्हणते सुरुवात तुमच्यासोबतच करणार. कधी येताय सांगा.