अर्धवट दाखवलेले भाषण आणि त्यानंतरची टोलवाटोलवी : एका वर्गणीदाराची तक्रार

प्रति,
मा. मुख्य संपादक,
तसेच ग्राहक तक्रार विभाग

विषय : निवडणूक प्रचारातील भाषणाची कापलेली चित्रफीत दाखवल्याबद्दल आणि तिचे खापर इतरांवर फोडल्याबद्दल.

महोदय,

गेली सहा वर्षे मी आपल्या वाहिनीची आणि ॲपची वर्गणीदार आहे. या प्रकरणाआधी मी आपल्याकडे एकही तक्रार केली नव्हती. ही पहिलीच आहे, आणि ती मी पूर्ण विचार करून लिहीत आहे.

सोमवारी रात्री 9 च्या बातम्यांत आपण एका उमेदवाराच्या सभेतली 11 सेकंदांची चित्रफीत दाखवली. त्यात तो म्हणतो, ‘तिजोरी रिकामी आहे, निवृत्तिवेतन बंद करावेच लागेल.’ खाली लाल पट्टीवर ‘वृद्धांच्या पोटावर पाय’ असा मथळा रात्रभर फिरत होता. साडेनऊला माझ्या मावशीचा फोन आला. ती 74 वर्षांची आहे, एकटी राहते. ‘माझे पैसे बंद होणार का गं?’ एवढेच तिने विचारले. मी म्हणाले, ‘बातम्यांत दाखवलंय म्हणजे तसंच असणार.’ ते वाक्य मी आपल्या भरवशावर बोलले, म्हणून मला ते अजून टोचते आहे. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते भाषण पहिल्यापासून ऐकले. तेविसाव्या मिनिटाला तो उमेदवार विचारतो, ‘आमचे विरोधक काय सांगत फिरतात?’ मग विरोधकांचे म्हणून ते वाक्य उच्चारतो आणि लगेच म्हणतो, ‘मी असेपर्यंत निवृत्तिवेतनाला कोणी हात लावणार नाही.’ आपण मधले वाक्य उचलले आणि मागचे-पुढचे टाकून दिले. कानाला हेडफोन लावून आपलीच चित्रफीत पुन्हा ऐका. सुरुवातीला ‘फिरतात’मधला शेवटचा ‘त’ निसटता ऐकू येतो. कात्री नेमकी कुठे चालली हे त्या एका अक्षरावरून कळते. हा उमेदवार माझ्या पसंतीचा नाही आणि माझे मत त्याला जाणारही नाही. पण जे तो बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालण्याचा अधिकार कोणालाच नाही.

चूक इथेच कबूल झाली असती तर मी हे पत्र लिहिले नसते. धावपळीत चुका होतात, हे मला समजते. संताप आहे तो पुढच्या तीन दिवसांचा.

मंगळवारी आपण सांगितले की चित्रफीत वृत्तसंस्थेकडून आली तशी दाखवली. मात्र त्या चित्रात व्यासपीठावर पुढेच आपल्या वाहिनीचे बोधचिन्ह असलेला माइक दिसतो, आणि कोपऱ्यात ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ अशी अक्षरे आहेत. बुधवारच्या चर्चेत आपल्या निवेदकांनी दोष प्रेक्षकांना दिला. म्हणे लोकांनीच संदर्भ सोडून ती फिरवली. जो संदर्भ आपण आम्हाला दिलाच नव्हता तो आम्ही सोडणार कसा? गुरुवारी ॲपवर चार ओळींचा खुलासा आला : ‘एका कनिष्ठ सहकाऱ्याकडून अनवधानाने’ चूक झाली असून त्याला कामावरून कमी केले आहे, ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ दिलगिरी. माझ्या भावना दुखावलेल्या नाहीत, मला खोटी माहिती मिळाली आहे. आणि रात्री 9 ची पहिली बातमी एक कनिष्ठ मुलगा एकटा ठरवतो यावर माझा विश्वास बसत नाही. मथळा कोणी मंजूर केला, मूळ भाषण कोणी ऐकले होते, याबद्दल त्या चार ओळींत एक शब्द नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

असे प्रसंग मोठमोठ्या संस्थांवरही आले आहेत. सप्टेंबर 2004 मध्ये अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीने राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या लष्करी सेवेविषयी काही कागद दाखवले. प्रक्षेपणाआधीच दोन तज्ज्ञांनी त्या कागदांबद्दल शंका घेतली होती, तरी बातमी गेली. जवळजवळ दोन आठवडे वाहिनी बातमी खरी असल्याचे सांगत राहिली. कागद अस्सल असल्याचे सिद्ध करता येत नाही हे मान्य केले तेव्हाही, ते देणाऱ्या माणसाने आपली दिशाभूल केली यावर भर होता. पण पुढे त्यांनी बाहेरच्या माणसांची समिती नेमली, तिचा अहवाल जानेवारी 2005 मध्ये सर्वांसमोर ठेवला, आणि कारवाई वरिष्ठांपर्यंत पोहोचली. बातमीमागे राजकीय हेतू होता असे त्या समितीने ठरवले नाही. घाई आणि शहानिशेतली ढिलाई मात्र स्पष्ट नोंदवली. बीबीसीने ट्रम्प यांच्या 6 जानेवारी 2021 च्या भाषणातले 50 हून अधिक मिनिटांच्या अंतराने बोललेले भाग एकमेकांना जोडून दाखवले होते. ते प्रकरण चिघळल्यावर नोव्हेंबर 2025 मध्ये महासंचालक आणि वृत्त विभागाच्या प्रमुख, दोघांनीही राजीनामे दिले. वर्षभर उशीर झाला हे खरे, तरी शेवटी खुर्चीवरची माणसे पुढे आली. आपल्याकडे पुढे केला गेला तो सर्वांत खालच्या पायरीवरचा.

पक्षपाताचा आरोप मी सहजासहजी करत नाही. तरी या प्रचारात आपल्या तीन चुका माझ्या लक्षात आल्या, आणि तिन्हींचा फटका एकाच बाजूला बसला. दुसऱ्या बाजूच्या नेत्याचे नुसते पद चुकले, तेव्हा आपल्या निवेदकांनी तासाभरात पडद्यावर येऊन माफी मागितली होती. ही तत्परता इथे का दिसली नाही? मनात शंका येते ती या फरकामुळे.

माझी मागणी अशी. रात्री 9 च्याच बातम्यांत, सुरुवातीलाच, ते भाषण मागच्या-पुढच्या वाक्यांसह दाखवावे आणि आपण ते कापून दाखवले होते हे स्पष्ट शब्दांत सांगावे. वृत्तसंस्थेवर आणि प्रेक्षकांवर केलेले आरोप नावानिशी मागे घ्यावेत. बातमी कोणकोणाच्या नजरेखालून गेली ते लेखी कळवावे, आणि ज्याला काढले त्याची बाजू ऐकली होती का तेही. ग्राहक विभागाने मला ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ हे ठरावीक उत्तर दोनदा पाठवले आहे. ते तिसऱ्यांदा पाठवू नये. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर उरलेल्या सात महिन्यांची वर्गणी परत करून माझे खाते बंद करावे.

मावशीला मी पूर्ण भाषण ऐकवले आहे. आता ती विचारते, ‘मग टीव्हीवाल्यांनी तसं का दाखवलं?’ आपले उत्तर आले की मी तिला ते वाचून दाखवीन.

आपली,
एक वर्गणीदार