पारोळ्याच्या मिस्त्रीभाऊंना जाहीर आभाराचे पत्र

आदरणीय मिस्त्रीभाऊ,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या भर दुपारी, पारा ४५ अंशांच्या घरात असतानाही आमची सॅन स्टॉर्म गाडी आता पहिल्या सेलला पकडते आणि दर वेळी घरात तुमचे नाव निघते. निघताना मी घाईघाईने हात जोडले, पण जे बोलायला हवे होते ते बोलणे झाले नाही. ते चार लोकांसमोर बोलले जावे, असे मनापासून वाटते, म्हणून हे पत्र.

ही गाडी वडिलांनी केळीला चांगला भाव मिळालेल्या एका हंगामात हौसेने घेतली होती. गोव्यात बनलेली, दोनच आसनांची, उघड्या टपाची, फायबरग्लासच्या बॉडीची आणि रेनॉच्या ११४९ सीसी इंजिनाची ही स्पोर्ट्स कार आपल्याकडे मुळातच फार थोड्या लोकांनी पाहिली आहे. तिचे उत्पादन बंद होऊनही बराच काळ लोटला आहे. त्यामुळे बॉनेट उघडण्याआधीच नकार देणारे बरेच भेटतात. तिचा बिघाड मात्र अगदी ठरावीक होता. सकाळी ती बिनतक्रार निघे. पण चांगली तापल्यावर कुठे थांबवली, की सेल जोमाने फिरे, इंजिन घुमत राही आणि गाडी काही केल्या पकडत नसे. सावलीत तासभर उभी राहिली, की पुन्हा आपली आपण चालू होई.

तुमच्याकडे येण्यापूर्वी आम्ही एका मोठ्या शहरातील नावाजलेल्या वर्कशॉपमध्ये गेलो होतो. तेथे आधी बॅटरी बदलली गेली, वास्तविक सेल इतका जोरात फिरतो आहे म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही ठणठणीत आहेत, हे कुणाच्याही ध्यानात यावे. मग प्लग बदलले, मग पेट्रोलचा पंप बदलला आणि शेवटी इंजिनाचा कॉम्प्युटरच गेला आहे, तो आता मिळणार नाही, गाडी भंगारात काढा, असा निकाल मिळाला. पैशांचे दुःख मी गिळले असते. पण वडील तेथील प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते, "गार झाल्यावर ती आपोआप चालू कशी होते?" आणि एकानेही त्यांच्याकडे वळून उत्तर दिले नाही. म्हाताऱ्या माणसाची बडबड म्हणून तो प्रश्न बाजूला सारला गेला. त्या बिघाडाचे अर्धे उत्तर त्या प्रश्नातच होते, हे आज कळते तेव्हा त्या लोकांचा राग अधिकच येतो.

धुळ्याकडे जाताना पारोळ्याला गाडी पुन्हा बंद पडली आणि लोकांनी ढकलत ती तुमच्या शेडपर्यंत आणली. तुम्ही पान्याला हातही लावला नाही. आधी शेजारचा ग्राइंडर बंद करायला लावलात, मला किल्ली फिरवायला सांगितलीत आणि पंपाची दोन सेकंदांची घरघर कान देऊन ऐकलीत. नंतर सेल मारायला लावून आरपीएमच्या काट्याकडे पाहत राहिलात. इंजिन फिरत असूनही काटा जागचा हलला नाही, तेव्हा तुम्ही वडिलांना विचारलेत, "आप्पा, गार झाल्यावर लगेच लागते ना?" त्यांचा प्रश्न त्या दिवशी प्रथमच कुणीतरी ऐकून घेतला होता.

त्यापुढे तुम्ही जे केलेत, ते मी जन्मभर विसरणार नाही. गिअरबॉक्सच्या तोंडाशी, फ्लायव्हीलच्या दात्यांसमोर बसवलेल्या, इंजिन फिरते आहे हे टिपणाऱ्या क्रँक सेन्सरचे कनेक्टर तुम्ही सोडवलेत आणि मीटरच्या दोन्ही सुया वडिलांच्या हातात दिल्यात. "आप्पा, तुम्हीज धरा, तुम्हीज देखा," एवढेच म्हणालात. वडिलांचे हात कापत होते, म्हणून तुम्ही खालून त्यांच्या मनगटांना आधार दिलात. मीटरच्या पडद्यावर डावीकडे नुसता एकचा आकडा होता, म्हणजे आतली तार तुटलेली. मग तुम्ही डोक्याचा पांढरा रुमाल काढून माठाच्या पाण्यात भिजवलात, त्या सेन्सरवर ठेवलात आणि उघड्या डोक्याने तसेच उन्हात थांबलात. थोड्या वेळाने एकचा आकडा गेला आणि तेथे दोनशेच्या वरचा आकडा उमटला, म्हणजे तार पुन्हा जुळलेली. वडिलांनी तो मोठ्याने वाचला. कनेक्टर जोडून सेल मारताच गाडी चालू झाली.

सेन्सरच्या आत केसासारखी बारीक तार गुंडाळलेली असते, वयाने ती एखाद्या ठिकाणी तुटते, उष्णतेने ती दोन टोके एकमेकांपासून दूर जातात आणि गार झाल्यावर पुन्हा टेकतात. इंजिन फिरते आहे हे या सेन्सरकडून कळेपर्यंत कॉम्प्युटर ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही, हे तुम्ही वडिलांना, एखाद्या बरोबरीच्या कारागिराला सांगावे तसे, सावकाश सांगितलेत. लोगान गाड्यांची कामे केल्यामुळे तुम्हाला रेनॉच्या इंजिनाची ओळख होती, हे खरे. पण ही ओळख इतर कुणाला नव्हती असे मी मानत नाही. तुमच्यात फरक होता तो समोरच्या माणसाला उत्तर देणे लागतो, या समजुतीचा.

नाशिकहून तसा सेन्सर येईपर्यंत तुम्ही गाडी सावलीत ठेवलीत. आधीच्या लोकांनी सैल सोडलेली अर्थिंगची वायरही तुम्ही घासून घट्ट केलीत, कारण फायबरची बॉडी करंट परत नेत नाही आणि अशा गाडीत प्रत्येक अर्थिंग स्वतंत्र वायरीने द्यावे लागते. त्या लोकांबद्दल मात्र तुमच्या तोंडून एक वावगा शब्द निघाला नाही. बिलात सेन्सरची किंमत आणि थोडी मजुरी, याखेरीज काही नव्हते. खानदेशातल्या रस्त्यांच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हाने पोळत, तुमच्यासारखी किती सचोटीची माणसे रोज लोकांच्या अडचणी सोडवत असतील आणि त्यांचे नावही कुठे येत नसेल, याचा विचार मनातून जात नाही.

वडील आता कुणी भेटले, की क्रँक सेन्सर म्हणजे काय हे स्वतः समजावून सांगतात. हिवाळ्यात भरताची वांगी निघाली, की तुम्ही सहकुटुंब आमच्या मळ्यात यावे, भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या खाव्यात, असा त्यांचा आग्रहाचा निरोप आहे. न्यायला आम्ही याच गाडीने आलो असतो, पण तिच्यात जागा दोघांचीच. तेव्हा मोठी गाडी घेऊन मी स्वतः पारोळ्याला येईन.

आपला ऋणी,
रावेर तालुक्यातील एक केळी उत्पादक