देठ बघा, नुसती चकाकी नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझा मुलगा पहिल्यांदाच एकटा जाऊन भाजी नि फळं घेऊन आला. दिसायला सगळं एकदम झकास, टोमॅटो एकसारखे लालबुंद, द्राक्षं टपोरी, सफरचंदं तर आरशासारखी. दुसऱ्या दिवशी बघते तर निम्मे द्राक्षाचे मणी घडावरून गळून पिशवीच्या तळाशी, आणि खालच्या दोन टोमॅटोंना पाणी सुटलेलं. मी त्याला रागावले नाही, कारण भाजी कशी बघून घ्यायची हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आम्हीही कधी बरोबर नेलं नाही. अशी खूप घरं असणार, म्हणून हे लिहितेय.

आपण साल बघतो आणि पिशवीत टाकतो, चूक तिथेच होते. तोडल्यावरही फळ किंवा भाजी जिवंत असते, श्वास घेत असते, आणि तिच्यातलं पाणी सारखं उडत असतं. पाणी गेलं की वजन जातं, ताठपणा जातो, आणि त्याची पहिली खूण बरेचदा देठावर दिसते. द्राक्षाच्या घडाची काडी हिरवी असली तर घड ताजा, तपकिरी नि वाळकी झाली असली तर मणी कितीही टपोरे दिसोत, घेऊ नका. (मण्यांवरचा पांढुरका थर बघून लोक घड बाजूला टाकतात, पण तो बहुतेक वेळा त्या फळाचाच नैसर्गिक मेणाचा थर असतो, उलट चांगली खूण आहे.) वांग्याची टोपी हिरवी आणि घट्ट बसलेली हवी, काकडीची टोकं मऊ पडलेली नकोत, शेंग वाकवली की कट्कन मोडली पाहिजे. संत्री, लिंबं, कलिंगड घेताना एकाच आकाराची दोन हातात धरून बघा, जे जड लागतं त्यात रस जास्त. कलिंगडाच्या खालच्या बाजूला, जिथे ते जमिनीला टेकलेलं होतं तिथे, पिवळसर डाग असला तर ते वेलीवर नीट पिकलंय, तो डाग पांढराफटक असला तर घाईने तोडलेलं.

अजून एक गोष्ट जी मला स्वतःला फार उशिरा कळली. केळी, टोमॅटो, आंबा, पेअर ही तोडल्यावरही पिकतात, त्यामुळे थोडी कच्ची घेतली तरी चालतात, पण द्राक्षं, स्ट्रॉबेरी, संत्री, अननस, डाळिंब तोडल्यावर आणखी गोड होत नाहीत, घरी ठेवून पिकतील म्हणून आंबट द्राक्षं आणली तर ती आंबटच राहणार. मटार आणि मक्याचं तर उलटंच, तोडल्या क्षणापासून त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो आणि उन्हात-गरमीत ते आणखी पटकन होतं, म्हणून ते आणले त्याच दिवशी करा. आणि केळी-सफरचंदांशेजारी पालेभाजी ठेवू नका, या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो त्याने पानं लवकर पिवळी पडतात.

बटाट्याबद्दल मात्र कळकळीने सांगते. हिरवा पडलेला बटाटा घेऊ नका. उजेडात राहिला की तो हिरवा होतो आणि त्याबरोबर त्यात सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यंही वाढतात, आणि ती शिजवून जात नाहीत. बुरशीचंही तसंच, गाजर-कोबीसारख्या कडक भाजीचा बुरशी लागलेला भाग चांगला अडीच सेंटीमीटर सोडून कापला तर उरलेलं वापरता येतं, पण टोमॅटो, स्ट्रॉबेरी अशा मऊ फळांत बुरशी आतपर्यंत पसरलेली असते, ती टाकूनच द्यायची.

याउलट वाकडं गाजर, दुबोटी बटाटा, सालीवर खरखरीत वण असलेलं संत्रं यात काहीच वाईट नसतं, आणि लोक नेमकं तेच बाजूला सारतात. याचं मला खरंच वाईट वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घराघरांतून गेलं, म्हणजे चुकीचं निवडून आणलेलं फ्रीजमध्ये सडतं तेही त्यातच आलं. आणि प्लीज, फळं अंगठ्याने दाबून बघू नका हो. दाबलेल्या जागी आतून जखम होते, तुम्ही ठेवून देता आणि पुढच्या माणसाच्या घरी ते सडतं. तळहातावर अलगद घ्या, वजन बघा, देठाशी वास घ्या, तेवढं पुरतं.

पाकीटबंद मालाला तर हातच लावता येत नाही. निदान पाकीट उलटं करून तळ बघा, आत पाणी साठलंय का बघा. पण त्यावर तारीख असली तरी ती पॅकिंगची, तोडणीची नाही. सफरचंदं तर कोल्ड स्टोरेजमध्ये कित्येक महिने राहू शकतात, मग ती कधी झाडावरून उतरवली हे घेणाऱ्याला कळायला नको का? विकणाऱ्यांनी तोडणीची तारीख छापावी एवढीच मागणी आहे. आणि तुम्हाला विनंती, बाजारभाव छापता त्याच्याशेजारी दर आठवड्याला एका भाजीची किंवा फळाची ओळख चार ओळीत द्या, ताजं कसं ओळखायचं, कसं ठेवायचं. पहिली कुठली द्यायची असं विचाराल तर मी बटाटा म्हणेन.

आपली,
एक नियमित वाचक