बियाण्याची कोळंबी उरल्यासुरल्यातून नको

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकांचे पत्र आले होते. बाजारात हल्ली येणारी 'सुधारित' गोड्या पाण्यातली कोळंबी प्रयोगशाळेत जनुके बदलून केलेली असते, ती लवकर वाढते म्हणजे तिच्यात काहीतरी घातलेले असणार, मुलाबाळांना देऊ नका, असे त्यात म्हटले होते. लिहिणाऱ्यांनी काळजीपोटीच लिहिले असणार. पण माहिती चुकीची आहे, आणि ती तशीच राहिली तर आमच्यासारख्या तळे राखणाऱ्यांचे नुकसान होईल, म्हणून हे पत्र.

मी एकतीस वर्षे बडोद्यातल्या एका मराठी शाळेत जीवशास्त्र शिकवले. डभोई तालुक्यात सासऱ्यांच्या वाट्याची थोडी जमीन आहे. तिच्या खोलगट तुकड्यात पावसाळ्यात पाणी साचून पीक जायचे, म्हणून 2014 मध्ये यजमानांनी तिथे अर्ध्या-अर्ध्या एकराची दोन तळी खणून घेतली. पाणी नर्मदेच्या कालव्याचे. रोहू, कटला आणि त्यांच्याबरोबर कोळंबी, जिला इकडे सगळे झिंगाच म्हणतात. 2019 मध्ये ते गेले. तेव्हापासून तळी मी चालवते. आम्ही कायस्थ प्रभू. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात कोळंबीचे खडखडले शिजले नाही असा महिना जात नाही. तेव्हा खाणारी म्हणून आणि पिकवणारी म्हणून, दोन्ही नात्यांनी लिहिते आहे.

गोंधळ मुळात नावामुळे झाला आहे. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथे केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्था आहे, तिला सगळे 'सिफा' म्हणतात. तिथे निवडीने तयार केलेल्या वाणाचे नाव 'सिफा-जीआय स्कँपी'; स्कँपी म्हणजे हीच गोड्या पाण्यातली कोळंबी. यातले जीआय म्हणजे 'जेनेटिकली इम्प्रूव्ह्ड', म्हणजे आनुवंशिक गुणांनी सुधारलेली. लोक पहिला शब्द ऐकतात आणि मनातल्या मनात पुढे 'मॉडिफाइड', म्हणजे जनुके बदललेली, असे जोडतात. दोन्ही गोष्टी एकमेकींपासून फार लांबच्या. या वाणात बाहेरचे एकही जनुक घातलेले नाही.

माझी आई परसातल्या वेलावर येणारा पहिला देखणा दोडका कधी तोडायची नाही. कितीही भाजीची अडचण असो, तो वेलावरच वाळू द्यायची आणि त्याच्या बिया राखेत घालून ठेवायची. सिफाने केले ते यापेक्षा वेगळे नाही. फक्त आई एका वेलाचे पाहायची, त्यांनी शेकडो कुटुंबांचे पाहिले आणि प्रत्येकाची नोंद ठेवली.

माशांमध्ये हे काम आधीच झालेले आहे. नॉर्वेच्या तज्ज्ञांच्या मदतीने सिफाने 1992 मध्ये रोहूची निवड सुरू केली. गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या पाच नद्यांतून रोहू आणले, त्यांत तळ्यांतला स्थानिक साठाही मिसळला, आणि पिढी दर पिढी वेगाने वाढणारे वेचत गेले. वाढ दर पिढीला सुमारे 17 टक्क्यांनी सुधारली. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 1997 मध्ये, तो वाण आला म्हणून त्याचे नाव 'जयंती'. जयंती रोहू आपण इतकी वर्षे खातो आहोत. त्याबद्दल कोणी अशी शंका घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

कोळंबीचे काम 2007 मध्ये वर्ल्डफिश या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर सुरू झाले. मूळ साठा तीन राज्यांतून घेतला: ओडिशा, केरळ आणि आपला गुजरात. तिन्हींचे आपसांत संकर केले. म्हणजे ज्या कोळंबीला आपण परकी समजून घाबरतो आहोत, तिच्यात एक आजी गुजरातच्या पाण्यातली आहे.

रोहूपेक्षा कोळंबीची निवड मात्र अवघड, आणि का अवघड ते समजून घेण्यासारखे आहे. तळ्यातल्या नरांमध्ये तीन पायऱ्या असतात. सगळ्यांत खाली लहानखुरे नर, नांग्या फिकट. त्यांच्या वर नारिंगी नांग्यांचे. हे सगळ्यांत जोमाने वाढतात. आणि सगळ्यांच्या वर गडद निळ्या, लांबलचक नांग्यांचे दादा. या निळ्यांची वाढ जवळपास थांबलेली असते, पण ते असेपर्यंत खालच्या लहान नरांची वाढ दबून राहते. दादा जाळ्यात घालून बाहेर काढले की खालचे झपाट्याने अंग धरतात. म्हणून आम्ही मोठ्या आसाचे जाळे टाकून मधून मधून मोठे नर उचलतो. यातून निष्कर्ष असा की तळ्यात जो मोठा दिसतो तो रक्ताने मोठा असेलच असे नाही. त्याची जागा मोठी असेल. लहान दिसणारा कदाचित चांगल्या घरचा असेल, नुसता दबलेला.

डोळ्यांनी पाहून हे ओळखता येत नाही. त्यासाठी कुटुंबे वेगवेगळी वाढवावी लागतात, प्रत्येकाला खूण करावी लागते, मग सगळ्यांना एकाच तळ्यात सोडून शेवटी वजने घ्यावी लागतात. खुणेचीही मोठी अडचण. कोळंबी कात टाकते, म्हणजे कवच सोडते, आणि कवचावर लावलेली कोणतीही खूण त्याबरोबर जाते. म्हणून रंगीत पातळ द्रव सुईने तिच्या शेपटीच्या मांसात भरतात; तो आत घट्ट होतो आणि पारदर्शक कवचातून दिसत राहतो. रंग कुठले आणि कुठे टोचले, यावरून कुटुंब कळते. मग कोणत्या नराचे भाऊबंद सगळीकडे चांगले वाढले, कोणत्या मादीच्या बहिणी वाढल्या, याचा हिशेब करून जोड्या लावायच्या, आणि सख्खे-चुलत एकत्र येऊ द्यायचे नाहीत. आपल्याकडे लग्न जुळवताना गोत्र पाहतात तसे. एका पिढीला एक वर्ष धरले तरी किती वर्षांचा धीर लागला असेल याचा विचार करावा.

आता माझ्या तळ्यांचे सांगते, कारण माझी खरी तक्रार तिथून सुरू होते. 2022 च्या जुलैत एका हॅचरीतून, म्हणजे पिल्ले तयार करून विकणाऱ्या केंद्रातून, मागवलेले बियाणे कमी पडले, म्हणून दुसऱ्या तळ्यासाठी एका दलालाकडून पिशव्या घेतल्या. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, आत सेंटिमीटरभर लांबीची पिल्ले. दोन्हीकडची पिल्ले अगदी सारखी दिसत होती. दोन्ही तळ्यांत सारखीच सोडली, शेंगदाण्याची पेंड आणि तांदळाचा कोंडा मी स्वतः मोजून घालत होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाळे ओढले. पहिल्या तळ्यात किलोला बावीस नग. दुसऱ्यात पन्नासच्या वर, आणि त्यांतही बोटाएवढ्या माद्या, पोटाखाली अंड्यांचा घोस धरलेल्या. वाढायच्या वयात अंड्यांवर आल्या, मग अंग कसे धरणार? व्यापाऱ्याने तो ढीग हाताने उलटापालटा केला आणि निम्मा भाव सांगितला. दोन तळी म्हणजे प्रयोग नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आले आहे. पण दलालाला फोन करून विचारले, तेव्हा त्याने जे सांगितले त्याने मला उत्तर मिळाले. "बेन, मोटो माल तो वेचाई जाय ने? जे वध्युं होय एमांथी ज मादाओ राखीए." मोठा माल विकला जातो, जे उरते त्यातूनच माद्या राखतात.

आईच्या दोडक्याच्या नेमके उलटे. देखणा दोडका बाजारात आणि खुरटलेला बियाण्याला. तेही एकदा नव्हे, दरवर्षी. ही सुद्धा निवडच आहे, संपादक महोदय. फक्त ती खुजेपणाची निवड आहे, आणि कुणी ठरवून करत नसले तरी पिल्लांवर परिणाम तोच होतो.

त्यात दुसरी गोष्ट मिसळते. पूर्ण वाढलेली एक मादी एका वेळी ऐंशी हजार ते लाखभर अंडी धरू शकते. ती केशरी असतात, पिल्ले बाहेर यायची वेळ आली की राखाडी होतात. इतकी अंडी असताना मूठभर माद्यांत सगळी हॅचरी भरते. माद्या कमी म्हणजे खर्च कमी. पण त्यांचीच मुले पुढच्या वर्षी आई-बाप, मग त्यांची मुले, आणि पाच-सहा वर्षांत सगळे एकाच घरचे. आईला विषाणू असेल तर तोही अंड्यांबरोबर पुढे जातो. शेपटी पांढरी पडून पिल्ले मरण्याचा रोग असाच पसरतो. 2005-06 च्या सुमारास देशात या कोळंबीचे उत्पादन वर्षाला 40,000 टनांच्या वर गेले होते. पुढच्या चार-पाच वर्षांत ते कोसळले. रोग होता, खराब बियाणे होते, आणि 2009 मध्ये व्हॅनामेई ही परदेशी कोळंबी आणायला परवानगी मिळाल्यावर किनाऱ्यावरचे शेतकरी तिकडे वळले. आमच्यासारख्या आतल्या भागातल्यांना गोड्या पाण्याची हीच कोळंबी बरी पडते.

वाढ लवकर व्हावी म्हणून मी इतकी का अडून बसले आहे, असे शहरातल्या वाचकांना वाटेल. आमच्याकडे वेळच तेवढा असतो. पाऊस पडल्यावर बियाणे सोडायचे, आणि डिसेंबरच्या मध्यावर बडोद्याची थंडी सुरू होते. पाणी 20 अंशांच्या खाली गेले की कोळंबी खाणे सोडते, वाढ थांबते; फार गारठा पडला तर मरते. जुलै ते डिसेंबर एवढ्यातच तिने विकण्याजोगे व्हायचे. केरळातल्या शेतकऱ्याला महिनाभर उशीर चालेल, आम्हाला चालत नाही. इंजेक्शन देऊन किंवा पाण्यात काही टाकून ती घाई करण्यापेक्षा रक्तातच चांगली वाढ असलेले बियाणे हा सगळ्यांत स्वच्छ मार्ग आहे, हे पत्रलेखकांनी कृपया लक्षात घ्यावे. त्यांची भीती नेमकी याच गोष्टीची होती.

म्हणून मागणी एवढीच आहे. बियाणे विकणाऱ्याने बिलावर तीन गोष्टी लिहून द्याव्यात: आई-बाप कुठून आणले, किती माद्यांची ही पिल्ले आहेत, आणि मूळ साठा शेवटचा कधी बदलला. सुधारित वाण म्हणून विकत असेल तर तो कोणाकडून घेतला तेही. सेंटिमीटरभर पिल्लात शेतकऱ्याला काही दिसत नाही. कळते ते पाच महिन्यांनी, पेंडीचे पैसे गेल्यावर. भाताच्या बियाण्याच्या पिशवीवर वाण छापलेला असतो, मग झिंग्याच्या पिशवीला नाव-गाव का नसावे?

आणखी एक विनंती राज्यकर्त्यांना. या कोळंबीची मादी अंडी घेऊन खाडीकडे उतरते, कारण पिल्लांना सुरुवातीला मचूळ पाणी लागते. अकरा अवस्था पार करून ती पुन्हा गोड्या पाण्याकडे चढतात. भरूचच्या खाली भाडभूतला नर्मदेवर बंधारा बांधला जातो आहे. खारे पाणी रोखायला तो हवा असेल, त्यावर मी इथे वाद घालत नाही. पण समुद्राकडची ती वाट अडण्याआधी नर्मदेतली जंगली कोळंबी पकडून तिचा जिवंत साठा राखायला हवा. उद्या सुधारित वाणात नवे रक्त घालायची वेळ आली तर ते कुठून आणणार? सयाजीराव महाराजांनी जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून संस्थानातल्या, द्वारकेकडच्या ओखामंडळाच्या समुद्री जीवांची पाहणी करून घेतली, तिचा अहवाल 1909 मध्ये निघाला. एका संस्थानाला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जे सुचले ते आज राज्याला जमू शकते. बडोद्यात केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेचे केंद्र आहे, विद्यापीठात प्राणिशास्त्राचा विभाग आहे. माणसे इथेच आहेत.

ज्यांनी ते पत्र लिहिले त्यांना माझे मनापासून आमंत्रण. डिसेंबरात जाळे ओढतो तेव्हा डभोईला या. नारिंगी आणि निळ्या नांग्या हातात घेऊन पाहा, आणि जेवायला थांबा. या जुलैत पिशव्या येतील तेव्हा मी आधी बिल मागणार आहे. त्यावर आई-बापांचा ठावठिकाणा लिहून मिळाला नाही, तर यंदा एक तळे रिकामे ठेवीन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे