त्या टेम्पोचा विमा आहे की नाही, हे सांगायचं कोणी?

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात घोडबंदर रोडवर मानपाड्याच्या सिग्नलला आमची गाडी उभी असताना मागून टेम्पोने ठोकलं. डिकी मागच्या सीटपर्यंत आत आली, यजमानांचं उजवं मनगट मोडलं. ते इलेक्ट्रिशियन आहेत. हात प्लास्टरमध्ये, काम बंद.

चालक म्हणाला, "इन्शुरन्स आहे ताई, मालकाकडे." मालकाने व्हॉट्सअॅपवर पॉलिसीचा फोटो पाठवला. कंपनीचं नाव दिसतं, गाडीचा नंबर दिसतो आणि मुदतीच्या तारखेवर नेमका अंगठा! नीट फोटो मागितला तर मला ब्लॉक केलं. चौकीत ऐकवलं, "आपसात मिटवून टाका." साहेब, मोटार वाहन कायद्याच्या कलम 160 प्रमाणे अपघातग्रस्ताने मागितली की विम्याची माहिती पोलिसांनी आणि आरटीओने द्यायची असते. कायदा 1988 चा आहे. चौकीत तो कोणी वाचलाच नाही का?

शेवटी भाच्याने सरकारच्याच एमपरिवहन अॅपवर टेम्पोचा नंबर टाकला. विम्याची मुदत कधीच संपलेली. म्हणजे सरकारला हे ठाऊक होतं, तरी तो टेम्पो रोज तुमच्या कॅमेऱ्यांसमोरून जात होता. आम्ही झेब्रा पट्टीवर चाक टेकवलं तर चलान घरी येतं! 745 रुपये आणि वर जीएसटी मोजून नवी नंबरप्लेट लावून घेतलीत, ती कशासाठी?

विम्याशिवाय गाडी चालवली तर पहिल्यांदा दंड 2,000 रुपये. कैदेची तरतूद आहे, पण आत गेलेला कोणी मी ऐकलेला नाही. चारचाकी मालवाहू टेम्पोचा नुसता थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरत्या विम्याचा, हप्ता 16 हजारांच्या घरात. मग मालक विमा काढेल कशाला? आणि आम्ही दरवर्षी वेळेवर हप्ता भरणारे. आमच्याच पॉलिसीतून दुरुस्ती करायची, क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, घालवायचा, बुडालेली मजुरी मागायला अपघात भरपाईच्या न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढायच्या. रस्ता खणून ठेवता, धूळ आम्ही खातो, कर आम्ही भरतो आणि धडक बसली की सगळी खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. या राज्यात नियम पाळणाऱ्याचा वाली कोण?

विमा संपलेल्या गाड्यांची यादी तुमच्याच संगणकात आहे. त्या रस्त्यावरून उचला. आणि 2022 पासून पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल द्यायचा नियम आहे. आमचा कुठे आहे? त्याची प्रत मला हवी आहे, लेखी.

आपली,
घोडबंदर रोड, ठाणे येथील एक रहिवासी